घोळका आणि संचलन

मत्स्यालयाच्या दुकानात माशांचा भाव जोडीवर सांगतात. गप्पीची जोडी, मॉलीची जोडी, एंजलची जोडी. काचेवर मार्करनं लिहिलेला आकडा बहुतेक वेळा दोघांचा असतो, आणि गिऱ्हाईकही त्याच हिशेबानं मागतं: ‘याची एक जोडी द्या, त्याची एक जोडी द्या.’ घरी जाईपर्यंत पाच जातींचे दहा मासे झालेले असतात. टाकी रंगीत दिसते आणि पैसेही फार गेलेले नसतात. अडचण एवढीच, की त्यातल्या बऱ्याच जातींना जोडी ही व्यवस्था ठाऊकच नसते. निऑन टेट्रा, रासबोरा, टायगर बार्ब, झेब्रा डॅनिओ हे सगळे घोळक्यात जगणारे मासे. दोन झेब्रा म्हणजे जोडपं नव्हे. ते घोळक्यातून हरवलेले दोघे जण असतात.

मी बारा झेब्रा मागितले, तेव्हा दुकानदारानं वहीत ‘सहा जोडी’ लिहिलं. “दादा, एकाच जातीचे इतके कशाला? मिक्स घ्या, शोभा येईल.” मी बाराच घेतले. या जातीचे निदान सहा तरी हवेत, आठ-दहा असले तर उत्तम, असं बहुतेक जाणकार सांगतात. माझी टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर दीडशे लिटरच्या थोडं वर. झेब्रा साधारण चार सेंटिमीटरचा होतो, पण पोहतो खूप. त्याला उंचीपेक्षा लांबी लागते.

त्याआधी दीड महिना टाकी बिनमाशांची चालू होती. रूममेट तिला ‘पाण्याचं देवघर’ म्हणायचा, कारण मी रोज संध्याकाळी समोर बसून टेस्ट किटच्या नळ्यांत थेंब मोजायचो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला काही आठवडे जातात. याला ‘टाकी सायकल करणं’ म्हणतात. थोडक्यात, मासे आणायच्या आधी त्यांची मोरी बांधून घ्यायची. ती तयार झाली, तेव्हा मधल्या पाण्यात फिरायला झेब्रा आले, तळाशी सहा कोरीडोरस आले आणि वर पाणवनस्पतींच्या आडोशाला हनी गौरामीची एक नर-मादी. अशा मिश्र वस्तीच्या टाकीला इंग्रजीत ‘कम्युनिटी टँक’ म्हणतात.

पहिला आठवडा प्रेक्षणीय होता. बाराही झेब्रा एका दिशेला तोंड करून टाकीच्या लांबीभर जायचे, काचेशी पोचले की एकदम वळायचे. निळ्या-सोनेरी पट्ट्यांची एक फीत कोणीतरी पाण्यात हलवतंय असं वाटायचं. खालच्या मजल्यावरचे घरमालक काका भाड्याच्या पावतीसाठी वर आले आणि अर्धा तास उभे राहिले. “काय शिस्त आहे रे! प्रजासत्ताक दिनाची परेडच.” रूममेटनं काढलेला व्हिडिओ त्याच्या घरच्या ग्रुपवर गेला.

तिसऱ्या आठवड्यात परेड मोडली. चौघे फिल्टरच्या धारेत नाचतायत, दोघे कोपऱ्यात एकमेकांच्या मागे लागलेत, एक जण पानाच्या खालच्या बाजूला काहीतरी टिपतोय, बाकीचे जिकडेतिकडे. एकमेकांपासून फार लांब कोणी जात नव्हतं, पण तोंडं मात्र बारा दिशांना. काका पुन्हा आले तेव्हा त्यांची निराशा लपली नाही. “काय रे, हल्ली परेड करत नाहीत तुझे मासे? आजारी नाहीत ना?”

दुकानदाराला विचारलं तर त्याच्याकडे उपाय तयार होता. “एक मोठा एंजल टाका दादा. लगेच लाइनीत येतात.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोठा मासा आला की छोटे लाइनीत येतात, हे त्यानं रोज पाहिलेलं होतं. प्रश्न एवढाच होता, की ते लाइनीत का येतात?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या मिनी-प्रोजेक्टसाठी ‘बॉइड्स’ लिहिला होता. क्रेग रेनॉल्ड्स या प्रोग्रॅमरनं १९८७ साली मांडलेली ही पद्धत अजून शिकवली जाते, कारण ती थक्क व्हावं इतकी साधी आहे. पडद्यावरच्या प्रत्येक पाखराला तीनच नियम द्यायचे. शेजाऱ्याला धडकू नकोस. शेजारी ज्या दिशेला जातायत त्या दिशेला वळ. शेजाऱ्यांच्या मध्याकडे सरकत राहा. कोणी पुढारी नाही, कोणाला संपूर्ण थव्याचा पत्ता नाही, तरी पडद्यावर खराखुरा वाटणारा थवा उडायला लागतो. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ सिनेमातली वटवाघळं याच पद्धतीच्या मदतीनं उडवली होती. या नियमांची इंग्रजी नावं सेपरेशन, अलाइनमेंट आणि कोहीजन. आमच्या प्रोजेक्टमध्ये अलाइनमेंटचा आकडा वाढवला की मार्क वाढतील असं दृश्य मिळायचं, म्हणून आम्ही तो भरपूर वाढवला होता.

पण बॉइड्स थवा कसा होतो एवढंच सांगतो. का होतो याचं एक उत्तर डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञानं १९७१ साली दिलं. कळपातला प्रत्येक प्राणी आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये दुसरं कोणीतरी यावं म्हणून मध्याकडे सरकतो. सगळ्यांनी तेच केलं की कळप दाट होतो. या विचाराला त्यानं ‘स्वार्थी कळप’ असं नाव दिलं. त्याशिवाय, सारखे दिसणारे अनेक जण एकदम हलले की शिकाऱ्याची नजर कोणा एकावर ठरत नाही, हाही फायदा असतोच. म्हणजे ती देखणी फीत मुळात कोणाच्या तरी तोंडात न जाण्यासाठी आहे.

इंग्रजीत माशांच्या एकत्र असण्याला दोन शब्द आहेत. नुसते एकमेकांच्या सोबतीनं असले तर ‘शोल’; एका दिशेनं, एका वेगानं निघाले तर ‘स्कूल’. मराठीत मला त्यासाठी घोळका आणि संचलन हे शब्द जवळचे वाटतात. नाक्यावर उभा असतो तो घोळका. त्यात कोणी चहा पीत असतं, कोणी फोनवर असतं, पण सगळे ‘आपले’ असतात. संचलनात मात्र सगळ्यांचा पाय एकदम पडतो.

२०१२ साली नोम मिलर आणि रॉबर्ट गर्लाई या दोघांनी नेमक्या झेब्रा माशावर या दोन स्थितींचा अभ्यास ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध केला. झेब्रांचे गट या दोन स्थितींमध्ये ये-जा करत असतात, आणि दोन्ही मोजून वेगळ्या दाखवता येतात, असं त्यांना आढळलं. जागा सवयीची झाली की संचलन आणि घोळका यांचं प्रमाण बदलतं. पण मला अडकवलं ते दुसऱ्या निष्कर्षानं. पाचपासून पन्नासपर्यंत वेगवेगळ्या आकाराचे गट त्यांनी पाहिले. गणिती मॉडेल बहुतांशी सांगतात की गट दाट होईल तशी एकदिशा वाढेल. प्रत्यक्षात उलट झालं. मोठ्या गटातले मासे कमी एकदिश होते. गट मोठा असला की भीती कमी असते, आणि म्हणून ते संचलन सोडून घोळक्यात राहतात, असा त्यांनी लावलेला अर्थ आहे.

आमच्या प्रोजेक्टमध्ये भीतीसाठी आकडाच नव्हता.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. “आजारी नाहीत काका, रुळलेत,” एवढंच म्हणालो. त्यांना ते पटलं नसावं. मलाही ते पटायला डोळे बदलावे लागले. फीत दिसेनाशी झाली तसे मासे दिसायला लागले. माद्या पोटानं गोल, पट्ट्यांमध्ये चंदेरी. नर सडपातळ, पट्ट्यांमध्ये सोनेरी. एका नरानं उजवीकडचा दगड आपला मानला होता आणि तिथून जाणाऱ्याला तो सोडायला जायचा. पहाटे दिवा लागल्यावर पहिला अर्धा तास पाठशिवणी चालायची, कारण झेब्रा अंडी घालतात ती उजाडताना. अंडी नुसती तळाशी सांडतात आणि थोड्या वेळानं स्वतःच ती शोधून खातात. वात्सल्याच्या गोष्टी सांगण्यासाठी हा मासा योग्य नाही.

हनी गौरामीची जोडीही याच सुमारास झुडपातून बाहेर आली. मासे पाळणाऱ्यांना ही युक्ती माहीत असते. लाजाळू जातीच्या सोबतीला मोकळेपणानं हिंडणारे छोटे मासे ठेवले, की लाजाळूंना हायसं वाटतं. ते हिंडतायत म्हणजे वर खंड्या नाही आणि झुडपात मरळ नाही, असा त्याचा अर्थ. मिश्र टाकीत घोळक्याचं खरं काम हेच. त्याच्या निवांतपणावर बाकीचे विसंबून असतात.

आणि झेब्रा व हनी गौरामी हे दोन्ही आपल्याकडचेच आहेत. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं गंगा आणि तिच्या उपनद्यांमधल्या माशांवर १८२२ साली जे पुस्तक छापलं, त्यात झेब्राचं आणि हनी गौरामीचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. (कळपवाला हॅमिल्टन वेगळा.) डॅनिओ हे नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून, म्हणजे धानाच्या शेतातला या अर्थानं, आल्याचं सांगतात. ओढ्यांच्या कडा, भातखाचरं, पुरानं भरलेली उथळ डबकी ही त्याची घरं. तिथून तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी निवडलं आणि १९८१ मध्ये त्याचे क्लोन केल्याचं जाहीर केलं. माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांना झेब्रात निदान एक तरी समकक्ष जनुक आहे, हे २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकपट छापून आल्यावर कळलं. इतका अभ्यासलेला मासा, आणि दुकानात तो सर्वात स्वस्त रांगेत असतो. बहुधा म्हणूनच कोणी विचारत नाही, की याला किती जणांची सोबत लागते.

त्या वर्षीच्या गणपतीत ती परेड पुन्हा पाहायला मिळाली. मंडळाचा मांडव आमच्या गल्लीच्या तोंडाशी असतो. विसर्जनाच्या संध्याकाळी आधी ढोल आले आणि मग डॉल्बी. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. झेब्रा रोहू-कटल्याच्या गणातला मासा. या गणात पोहण्याच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते, त्यामुळे आवाज त्यांना अनेक माशांपेक्षा चांगला ऐकू येतो. शिवाय अंगावरून जाणाऱ्या संवेदी रेषेला पाण्याची हालचाल कळते. काचेची टाकी म्हणजे त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी ढोलाची आतली बाजू होती. बाराही जण खालच्या थरात उतरले, एका दिशेला झाले आणि टाकीभर येरझाऱ्या घालायला लागले. गौरामी दिसेनाशा झाल्या.

घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मिरवणूक बघायला आलेले लोक बाल्कनीतून आत आले आणि टाकीपाशी थबकले. “वा! किती सुंदर फिरतात!” दोघांनी मोबाइल काढले. काका तर खूश झाले: “बघ, आज आले फॉर्मात.” मी टाकीचा दिवा बंद केला आणि वरून गडद चादर टाकली. पाहुण्यांना ते थोडं उद्धट वाटलं. “बघू दे की रे पोरांना,” असंही कोणी म्हणालं. मी म्हटलं, ते घाबरलेत. त्यावर एका काकूंनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “घाबरलेले असे दिसतात?”

याचं उत्तर देणं कठीण आहे, कारण आपल्याला भीती म्हणजे पळापळ वाटते. शिस्त दिसली की आपण ती सुखाची खूण धरतो. आमच्या व्यवसायात अलाइनमेंट हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. ‘आपण सगळे अलाइन्ड आहोत ना?’ असं विचारूनच मीटिंग संपते. मध्यंतरी आमच्याकडे नोकरकपातीची कुणकुण होती. त्या दोन महिन्यांत आमच्या टीमइतकी अलाइन्ड टीम मी पाहिली नव्हती. सगळ्यांचे कॅमेरे चालू, कोणाचा कशालाच विरोध नाही, मॅनेजरच्या मेसेजला मिनिटभरात अकरा अंगठे. पुढे ती कुणकुण निवळली आणि डिझाइनवरून पुन्हा भांडणं सुरू झाली. वरच्यांना तो तिमाही अहवाल बहुधा आधीच्याइतका आवडला नसेल. माणसं मासे नाहीत, हे मला कळतं. पण ‘फॉर्मात’ हा शब्द ऐकला, की तेव्हापासून मी आधी खोलीत मोठा मासा कोण आहे ते बघतो.

झेब्राचं आयुष्य साधारण तीन-साडेतीन वर्षांचं. दुकानात आला तेव्हाच तो काही महिन्यांचा असतो. तिसऱ्या वर्षी माझे कमी व्हायला लागले. कोणाचा कणा वाकला, कोणी खाणं सोडलं, कोणी सकाळी दिसलाच नाही. रोग नव्हता, पाण्याचे आकडे ठीक होते, ते म्हातारे झाले होते. बाराचे नऊ झाले, मग सात, मग पाच. आणि पाच झाल्यावर संचलन परत आलं. बाहेर ढोल नव्हते, टाकीत नवा मासा नव्हता. तरी पाच म्हातारे एका ओळीत, एका दिशेला. दगडावर हक्क सांगणारा नरही त्यांच्यात होता. दगडाकडे बघायची त्याला फुरसत नव्हती.

कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्याला एक दिवस निरोप द्यावा लागतो. घोळका पाळणाऱ्याची कोंडी वेगळी असते. इथे एक जण गेल्याचं दुःख फार मोठं नसतं. पण प्रत्येक जाण्यानं उरलेल्यांचं जगणं थोडं अवघड होतं. घोळका पाळणं म्हणजे संख्या पाळणं. संख्या राखायची तर नवे आणायचे, नव्यांचे तीन वर्षांनी पाच उरतील, मग पुन्हा नवे. ही साखळी कधीतरी तोडायची असेल, तर शेवटच्या काही जणांना ती किंमत मोजावी लागणार. टाकी भाड्याच्या घरात आहे. माझी नोकरी उद्या पुण्यात असेल की बंगळुरूत, सांगता येत नाही.

मी तीन वाटा लिहून काढल्या. पाचांना आहे तसं जाऊ द्यायचं, म्हणजे कदाचित सहा-आठ महिने रोजची परेड. ज्याच्याकडे झेब्रांचा मोठा गट आहे अशा कोणाला ते द्यायचे. पण ओळखीत शोधलं तर सगळ्यांकडे महागडे मासे, झेब्रा कोणाकडेच नाही. किंवा दुकानात परत द्यायचे. दुकानदार घ्यायला तयार होता. पण तिथे ते पुन्हा जोडीच्या हिशेबात विकले गेले असते, आणि म्हातारपणी दोघा-दोघांनी पाच अनोळखी जातींच्या टाकीत जाऊन पडले असते.

शेवटी चौथीच वाट घेतली. आठ नवे आणले. चार आठवडे त्यांना बाल्कनीच्या दाराशी प्लास्टिकच्या टबात स्पंज फिल्टरवर वेगळं ठेवलं, कारण दुकानातून रोग बरोबर येऊ शकतात आणि म्हाताऱ्यांना ते झेपले नसते. मग एका संध्याकाळी दिवे मंद करून त्यांना टाकीत सोडलं. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस तेराही जण संचलनात होते. आठ जण जागा नवी म्हणून, पाच जण पाहुणे नवे म्हणून. मी काकांना मुद्दाम बोलावलं नाही.

हे मी त्यांच्यासाठी केलं की स्वतःसाठी, याचा निकाल मला लावता आलेला नाही. पाच जणांची भीती कमी करायला आणखी आठ जण काचेत आणले, असंही हे म्हणता येईल. नव्या आठांचा जन्म बहुधा कुठल्यातरी मत्स्यशेतीच्या हौदात झालेला. त्यांना धानाचं शेत माझ्यामुळे दुरावलेलं नाही, पण त्याची भरपाईही माझ्याकडे नाही. माझ्या हातात जागेची लांबी आहे, पाण्याची स्वच्छता आहे आणि संख्या आहे. या तिन्हींचा हिशेब नीट ठेवला, तर त्याचं बक्षीस म्हणून बघण्यासारखं काही मिळेल, असा करार कोणी केलेला नाही. उलट हिशेब जितका बरोबर, तितकं दृश्य विस्कळीत.

परवा काकांची नात टाकीसमोर बसली होती. पाच वर्षांची आहे. बराच वेळ बघून ती म्हणाली, “हे काहीच करत नाहीयेत.” मी पाहिलं. तिघे धारेत होते, दोघे वर तरंगणाऱ्या पानाला टोचे मारत होते, म्हातारा नर दगडाशी होता आणि एका नव्या पोराला तिथून हाकलत होता. बाकीचे मोजायला मला थोडा वेळ लागला, कारण ते सगळीकडे होते. तेरा भरले.